पेटीच्या तळाचं साल

"वरचं चित्र समदी बघत्यात. माल कळायचा असंल तर बूड बघावं," असं म्हणून मामांनी पेटी उलटी केली आणि माझ्या पुढ्यात धरली.

तांबूस, हलक्या लाकडाची सिगारची पेटी. कडांना रंगीत कागद चिकटवलेला, झाकणावर सोनेरी नक्षी. तळ मात्र उघडं लाकूड. त्यावर तापल्या लोखंडाने डागलेली अक्षरं: हबानोस एस. ए., म्हणजे क्युबाचे सिगार विकणारी कंपनी, त्याखाली 'एचो एन कूबा', त्याखाली 'तोताल्मेंते आ मानो'. क्युबात केलेलं, पूर्णपणे हाताने. आणि एका कोपऱ्यात, डागलेला नव्हे, शाईचा एक तिरका शिक्का. तीन इंग्रजी अक्षरं, कारखान्याची खूण. त्यांच्याखाली 'डीआयसी ००'. दिसिएम्ब्रे, म्हणजे डिसेंबर २०००.

मामा मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होते. २००१ च्या उन्हाळ्यात त्यांचं जहाज साखर भरायला हवानाला लागलं होतं, तिथून त्यांनी ही २५ सिगारची पेटी आणली. ब्रँडचं नाव इथे लिहीत नाही. त्या एक-दोन वर्षांत क्युबातल्या बहुतेक नावांच्या पेट्यांची हीच गत होती, त्यामुळे एकाच नावावर खापर फोडणं बरोबर नाही. गत काय, तर सिगार ओढले जायचे नाहीत. पेटवावा, गाल आत जाईस्तोवर ओढावं, आणि धुराचं एक बारीक सूत तोंडात यावं, एवढंच.

पेटीत सिगारांवर एक पांढरा जाड कागद झाकलेला असतो. त्यावर मामांनी शिसपेन्सिलीने नोंदी ठेवल्या होत्या. पहिली १४-८-०१ ची: 'बंद.' दुसरी २-१-०२: 'बंद. टाकला.' तिसरी थेट २००३ च्या दिवाळीतली: 'ओढतो, पण झोंबतो.' मग एकेक करत २०१६ पर्यंत एकूण अकरा नोंदी. २०१९ मध्ये मामा गेले. मामींनी पेटी माझ्याकडे दिली, म्हणाल्या, "ह्यातलं तुला कळतंय, तू ठेव." मला तेव्हा काहीच कळत नव्हतं.

---

पहिल्यांदा मला जे वाटलं ते कुणालाही वाटेल. साल म्हणजे पिकाचं साल. एखाद्या वर्षी हापूसला मोहोर चांगला धरतो, एखाद्या वर्षी अवकाळी येऊन सगळं गळून पडतं. तसंच २००० साली पिनार देल रिओमध्ये, क्युबाच्या पश्चिमेकडच्या तंबाखूच्या प्रांतात, काहीतरी बिनसलं असणार, पान वाईट आलं असणार, म्हणून सिगार वाईट. वाइनच्या बाटलीवरचं साल असंच वाचतात. द्राक्ष कोणत्या वर्षी तोडलं, ते तिथे लिहिलेलं असतं.

सिगारच्या पेटीवरचं साल मात्र तोडणीचं नसतं. ते वळणीचं असतं, म्हणजे सिगार वळून पेटीत भरल्याचं. हे मला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावर मामांची पेटी मी वेगळ्याच नजरेने वाचायला लागलो.

त्या शिक्क्याचीही एक गंमत आहे. १९८५ पासून क्युबाचे कारखाने पेटीच्या तळाला तारीख मारायचे, पण उघड नव्हे. 'निवेल आकूसो' हे दोन स्पॅनिश शब्द घ्यायचे. त्यांत दहा अक्षरं, एकही दुसऱ्यांदा येत नाही. पहिलं अक्षर म्हणजे १, दुसरं २, असं करत शेवटचं ओ म्हणजे ०. तळावर ओ-एन-एस-सी असं दिसलं की ०१-९७, जानेवारी १९९७. हे वाचलं तेव्हा मला आमच्या गावातल्या कापड दुकानाची आठवण झाली. लुगड्याच्या चिठ्ठीवर विकायची किंमत आकड्यात आणि खरेदीची किंमत अक्षरांत. दहा अक्षरांचा एक शब्द ठरलेला, तो फक्त मालकाला आणि मुनिमाला माहीत. गिऱ्हाइकाने चिठ्ठी कितीही निरखली तरी त्याला पत्ता लागायचा नाही. हवानातही हिशोब हाच: तारीख कारखान्याला कळावी, दुकानासमोरच्या माणसाला कळू नये. पण शौकिनांनी शब्द शोधून काढला, आणि २००० च्या सुमारास तारखा उघड्या लिहायला सुरुवात झाली. एनेरोचं ईएनई, आब्रिलचं एबीआर, दिसिएम्ब्रेचं डीआयसी. मामांची पेटी या उघड्या तारखांच्या अगदी पहिल्या काही महिन्यांतली.

---

२०२४ च्या फेब्रुवारीत कामासाठी मेक्सिको सिटीला जाणं झालं. काम संपल्यावर पाच दिवस सुट्टी काढून मी हवानाला गेलो, आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे पश्चिमेला, पिनार देल रिओला. जुनी मोटार, डिझेलचा वास, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ताडासारखी उंच झाडं आणि तांबडी माती. वुएल्ता आबाखो म्हणतात त्या पट्ट्यात शिरलो. सान लुईस आणि सान हुआन इ मार्तीनेस ही इथली दोन मोठी नावं. जगातला सर्वांत नावाजलेला सिगारचा तंबाखू या दोन गावांच्या आसपासच्या शेतांत होतो.

मी तंबाखूच्या घरात वाढलो. आजोळ निपाणीचं, आबांची, म्हणजे आईच्या वडिलांची, वखार होती. त्यामुळे शेताच्या बांधावर उभा राहिलो तेव्हा पहिल्यांदा ओळखीचं जे दिसलं ते पान नव्हतं, ती हाताची हालचाल होती. एक माणूस ओळीतून चालता चालता रोपाचा शेंडा अंगठा आणि तर्जनीत धरून मोडत होता. खुडणी. फूल धरू द्यायचं नाही, म्हणजे सगळा जोर पानात उतरतो. मग बगलेतले फुटवे काढत राहायचं, दर काही दिवसांनी, चिकट काळा रस बोटांना लागेपर्यंत. निपाणीचा तंबाखू विडीचा, इथला सिगारचा. जात वेगळी, पानाचं काम वेगळं. पण खुडणी तीच.

पुढे मात्र वाटा वेगळ्या होतात. इथे रोपाची पानं एकदम तोडत नाहीत. खालून वर, दोन-दोन तीन-तीन करत, मधे आठवडाभर थांबत. तळाचं पान म्हणजे बोलादो: हलकं, चांगलं जळतं. मधलं सेको, सुगंधाचं. वरचं लिहेरो, ऊन खाल्लेलं, जाड, कडक. अगदी टोकाला कधीकधी दोन पानं येतात, सगळ्याच रोपांना नाही, त्यांना मेदियो तिएम्पो म्हणतात. बाहेरून गुंडाळायचं पान या सगळ्यांहून निराळं. त्याचं शेतच वेगळं, पांढऱ्या जाळीदार कापडाच्या मांडवाखाली, म्हणजे पान पातळ, मोठं आणि एकसारखं येतं.

तोडलेली पानं दोऱ्यात ओवून काठ्यांवर घालतात आणि कासा दे ताबाकोमध्ये, म्हणजे तंबाखूच्या घरात, टांगतात. उंच, काळोख्या, ताडाच्या झावळ्यांनी शाकारलेल्या या घरांत पान सुमारे ५० दिवस वाळतं. हिरवं पिवळं होतं, पिवळं तपकिरी. मग ढीग लावून मुरवतात. पहिल्या मुरवणीत ढिगाच्या पोटातली ऊब ३५ अंशांवर जाऊ द्यायची नाही, नाहीतर ढीग मोडून पुन्हा लावायचा. दुसरी मुरवणी याहून गरम, आणि त्यानंतर गाठोड्यांत बांधून नुसतं ठेवायचं.

हे 'नुसतं ठेवणं' आपल्या सालाच्या मुळाशी आहे. बाहेरचं पान किमान सहा महिने. बोलादो नऊ. सेको एक वर्ष. लिहेरो दोन वर्षं, मेदियो तिएम्पो तीन. आता मामांचा सिगार घ्या. डिसेंबर २००० मध्ये वळला, नियमाने वळला असं धरू. त्याच्या बाहेरचं पान २००० च्या सुरुवातीला तोडलेलं असू शकतं. आतलं सेको १९९९ चं. लिहेरो १९९८ चं किंवा त्याआधीचं. एका सिगारात तीन हंगाम, आणि एकेका हंगामात अनेक शेतं. मिश्रण करणाऱ्याचं कामच हे की गेल्या वर्षीचा आणि या वर्षीचा सिगार सारखा लागावा. पाऊस कमी झाला, पान कडक आलं, तर बोलादो थोडं वाढवायचं. म्हणजे हवानाच्या कारखान्यात बसलेला तो माणूस वर्षभर पिकाचं सालच पुसत असतो.

एक अपवाद आहे, आणि तो नियम अधिक स्पष्ट करतो. काही थोड्या पेट्यांवर पिकाचं साल मुद्दाम छापतात. ग्रान रेसेर्वा म्हणून २००९ मध्ये कोहिबा या क्युबन ब्रँडचा एक सिगार निघाला तो सगळा २००३ च्या पिकाचा, पानं किमान पाच वर्षं ठेवलेली. एकाच सालाचा सिगार एवढा दुर्मीळ, की त्याची वेगळी पेटी काढावी लागते.

---

मग शौकीन लोक 'अठ्ठ्याण्णवचा', 'दोन हजारचा' असं म्हणून नाकं का मुरडतात? त्यांचं काही चुकत नाही. साल महत्त्वाचं आहेच. फक्त ते आभाळाचं साल नाही, ते माणसांचं साल आहे.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला आणि क्युबाचं कंबरडं मोडलं. डिझेल नाही, खत नाही, औषधं नाहीत, मांडवाचं कापड नाही. या काळाला तिथे 'विशेष काळ' म्हणतात. उत्पादन खाली गेलं. आणि नेमकं त्याच दशकात अमेरिकेत सिगारचं वेड आलं, जगभर पसरलं. अमेरिकेत क्युबाचा माल १९६२ पासून बंद, तरी युरोपातून, कॅनडातून, मेक्सिकोतून मागणी धो धो यायला लागली. परकीय चलनाची भूक लागलेल्या देशाने काय करावं? वर्षाला २० कोटी सिगार बाहेर पाठवायचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. नवे कारखाने उघडले, नवी मुलं-मुली वळणीला बसवली. हात तयार व्हायच्या आत हातांकडून माल मागितला.

दुसरीकडे पानही बदलत होतं. त्याचं मूळ आणखी मागे, १९७९-८० च्या निळ्या बुरशीत. त्या रोगाने क्युबाचं जवळजवळ सगळं पीक खाल्लं, अनेक कारखाने काही काळ बंद ठेवावे लागले. सान लुईसच्या एल कोरोखो शेतात वाढवलेलं कोरोखो हे वाण बाहेरच्या पानासाठी कित्येक दशकं राजा होतं. चव अप्रतिम, पण बुरशीला अगदी नाजूक. म्हणून रोगाला दाद न देणारी वाणं शोधली, आणि नव्वदच्या दशकात 'हबानो २०००' नावाचं वाण बाहेरच्या पानासाठी मोठ्या प्रमाणात लावलं. रोग लागेना, पण पान जाड आलं आणि धड जळेना. काही वर्षांतच ते मागे पडलं, त्याच्या जागी 'कोरोखो ९९' आणि 'क्रियोयो ९८' आली.

मामांची पेटी या दोन्ही संकटांच्या नेमक्या मधोमध वळली गेली. नीट न जळणारं पान आणि नीट न शिकलेला हात.

हात म्हणजे काय, ते मी हवानात एका वळणाऱ्या बाईंसमोर तासभर उभं राहून पाहिलं. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर चढवलेला. समोर लाकडी फळी, हातात चाबेता, मुठीशिवायची अर्धचंद्री सुरी. आतल्या भरण्याची पानं त्या एकावर एक रचत नव्हत्या. प्रत्येक पान त्या लांबीत चुणी पाडल्यासारखं दुमडत होत्या, पंख्याच्या घड्या पडतात तसं, आणि मग ते पुढच्या पानाशेजारी ठेवत होत्या. घड्यांमधून टोकापासून टोकापर्यंत वाट राहिली पाहिजे, धूर तिथूनच येतो. लिहेरो मधोमध, कारण ते सावकाश जळतं. आणि मग मुठीत धरून दाबत नव्हत्या, अंदाज घेत होत्या. अंगठा एका जागी थांबला, त्यांनी गुंडाळी उलगडली, अर्ध्या बोटाएवढा तुकडा काढून टाकला, पुन्हा बांधली. मी विचारलं, का काढला? त्यांनी गुंडाळी माझ्या हातात दिली, माझा अंगठा धरून मधल्या जागी टेकवला आणि म्हणाल्या, "नूदो." गाठ. मला काहीच लागलं नव्हतं.

दिवसाला शंभरेक सिगार वळताना प्रत्येकात गाठ शोधणारा अंगठा काही महिन्यांत तयार होत नाही. नवख्याला कमी भरल्याची भीती असते, म्हणून तो जास्त भरतो. घाईत पान दुमडण्याऐवजी पिळतो. वजन बरोबर भरतं, जाडी बरोबर दिसते, वरून पान देखणं बसतं, आणि आत वाट बंद. तपासणाऱ्याला बाहेरून कळत नाही. कळतं ते कित्येक महिन्यांनी, निपाणीत, मामांच्या गच्चीवर.

क्युबाने हे मान्य केलं असं म्हणायला हरकत नाही, कारण २००१ नंतर कारखान्यांत ओढ मोजायची यंत्रं आली. बाहेरचं पान चढवायच्या आधी आतली गुंडाळी यंत्रात ठेवतात, हवा ओढून बघतात, सुई ठरल्या जागी आली नाही तर गुंडाळी परत. त्या बाईंच्या मागच्या भिंतीशीही असं एक यंत्र होतं. २००२-०३ नंतरच्या पेट्या लोक निर्धास्तपणे घेऊ लागले ते यामुळे. म्हणजे त्या वर्षी काही पाऊस फार चांगला झाला होता, असं नाही.

---

आबांची एक सवय मला इथे सांगितलीच पाहिजे. वखारीत तंबाखूचा ढीग मुरत लावला की रोज सकाळी ते कोपरापर्यंत हात आत घालायचे. डोळे मिटून उभे राहायचे. एकदा व्यापाऱ्याचा माणूस दोन दिवस आधीच बोद भरायला आला. दर चांगला होता, घरात लग्न होतं. आबांनी हात काढला, धोतराला पुसला आणि म्हणाले, "अजून मुरली न्हाई. परवा या." तो माणूस म्हणाला, परवा दर असणार न्हाई. आबा म्हणाले, "मग नगा येऊ." मी आठ-नऊ वर्षांचा असेन. मला आठवतं ते आजीचं तोंड, कारण तिला लग्नाचा खर्च दिसत होता.

तंबाखूने आमच्या घराला खायला घातलं आणि आबांच्या छातीत शेवटी तिनेच घर केलं. वखारीतल्या बायका तोंडाला पदर बांधून काम करायच्या आणि तरी रात्रभर खोकायच्या. हे मी विसरून सिगारचं कौतुक करत नाहीये. मी वर्षाकाठी एखादा ओढतो, आणि या लेखामुळे कुणी नवा ओढायला लागावा असं मला मुळीच वाटत नाही. पण एखादी वस्तू घाईत केली की वेळ देऊन केली, हे तिच्या पोटात कसं लिहिलं जातं, हे मला तंबाखूतूनच कळलं. दुसरं कुठलं उदाहरण माझ्याकडे नाही.

आबांसारखं 'परवा या' म्हणायची मुभा १९९९ च्या क्युबात कुणालाच नव्हती. शेतकऱ्याला नाही, कारखान्याला नाही, सरकारलाही नाही. देशाला औषधं आणि तेल घ्यायचं होतं. त्या पेट्यांना नावं ठेवताना मला हे नेहमी आठवतं, आणि मग राग टिकत नाही.

---

मग पेटीत पडून राहिल्याने काय होतं? या बाबतीत लोक दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतात.

ताज्या सिगारात अमोनिया असतो. मुरवणी पूर्णपणे थांबलेली नसते, पान अजून श्वास सोडत असतं. म्हणून मामांचा तिसरा सिगार झोंबला. हा भाग वेळ दुरुस्त करतो. तीन वर्षांत, पाच वर्षांत वास निघून जातो, कडकपणा उतरतो, लिहेरो आणि सेको एकमेकांत मिसळतात. घरचं लोणचं जे फेब्रुवारीत तिखट लागतं ते पुढच्या दिवाळीत मुरून गोडसर लागतं, तसंच. म्हणून पूर्वी ज्या सालाला कुणी विचारलं नाही, ते साल वीस वर्षांनी लोक शोधत फिरतात. १९८९ मध्ये दाविदॉफ कंपनीने आपल्याच नावाचे एक लाखाहून अधिक क्युबन सिगार स्वित्झर्लंडमध्ये जाळले, विकायच्या लायकीचे नाहीत म्हणून. १९९१ नंतर त्या नावाचे क्युबन सिगार बंदच झाले. आज त्या काळातल्या उरलेल्या पेट्या लिलावात फार मोठ्या किमतीला जातात. जाळणारे चुकीचे होते असं मी म्हणत नाही. कदाचित त्या दिवशी ते खरोखरच वाईट असतील.

पण बांधणी वेळ दुरुस्त करत नाही. आत गाठ असेल तर ती वीस वर्षांनीही गाठच असते. फार तर पान थोडं सुकून आकसतं आणि कडेने बारीक वाट मिळते. म्हणून साल विचारताना दोन प्रश्न वेगळे विचारले पाहिजेत: पानाला काय झालं होतं, आणि हाताला काय झालं होतं. पहिल्याचं उत्तर बदलत जातं. दुसऱ्याचं पेटी बंद होते त्या दिवशीच कायमचं ठरतं.

अर्थात, ठेवली नीट तरच. मामांनी पेटी पत्र्याच्या मोठ्या डब्यात, माजघरातल्या काळोख्या कोनाड्यात ठेवली होती. डब्यात कौलाचा एक तुकडा, दर पंधरा दिवसांनी भिजवून, पुसून परत ठेवायचा. उन्हाळ्यात दर आठवड्याला. ऊब फार वाढली तर तंबाखूतला किडा अंड्यातून बाहेर येतो आणि सिगारला टाचणीएवढी भोकं पाडतो. मामांच्या पेटीतल्या एकाही सिगारला भोक नाही. तो कौलाचा तुकडा अजून माझ्याकडे आहे.

---

सान लुईसजवळच्या ज्या शेतावर मी गेलो तिथलं तंबाखूचं घर नवं कोरं होतं. लाकूड अजून पांढरट, झावळ्या अजून पिवळ्या. शेजारी जुन्या घराचे खांब रचून ठेवले होते, सरपणासाठी. २७ सप्टेंबर २०२२ ला इयान वादळ इथून गेलं. पिनार देल रिओमध्ये अशी सुमारे १२ हजार घरं होती, त्यातली बहुतेक पडली किंवा मोडकळीला आली. त्याआधी २००८ मध्ये गुस्ताव आलं होतं, तेव्हा या प्रांतात वाऱ्याचा झोत ताशी ३४० किलोमीटर मोजला गेला, आणि दहा दिवसांनी लगेच आइक.

मजा अशी की वादळं येतात सप्टेंबरात आणि रोपं शेतात जातात ऑक्टोबरनंतर. म्हणजे वादळ पीक नेत नाही. ते घर नेतं. पान उगवेल, पण वाळवायला छप्पर कुठे? म्हणून इयाननंतरच्या हंगामात शेतकऱ्यांनी जितकी घरं उभी राहिली तितकीच लागवड केली. मी शेतकऱ्याला विचारलं, गेल्या वर्षी किती लावलं? त्याने नव्या घराकडे बोट दाखवलं आणि तळहात आडवा करून अर्ध्यावर धरला. यंदा? तळहात थोडा वर गेला.

त्या घरात आम्ही शिरलो. काठ्यांवर नुकतीच पानं चढवलेली, खालच्या ओळीत हिरवी, वर पिवळट. नव्या लाकडाचा आणि ओल्या पानाचा मिळून एक वास होता, मी आधी कधी न घेतलेला. जुन्या वखारीला तो नसतो. शेतकरी म्हणाला, पहिल्या वर्षी घराचा वास पानाला लागेल अशी त्याच्या बापाला भीती वाटते, त्याला स्वतःला वाटत नाही. खरं काय ते कळायला वेळ आहे. यातलं तळाचं बोलादो एखाद-दीड वर्षात वळणीला जाईल, वरचं लिहेरो २०२६ च्या आधी नाही. तोवर ते कुठल्या मिश्रणात, कुणाच्या हाताखाली, कुठल्या नावाच्या पेटीत जाईल, ते तो शेतकरीही सांगू शकत नाही. पेटीच्या तळाला त्याच्या घराचं साल कधीच लिहिलं जाणार नाही.

---

परत आल्यावर मार्चमध्ये एका रविवारी मी मामींकडे निपाणीला गेलो, पेटी घेऊन. गच्चीवर बसलो. मामी जवळच पापडाचं पीठ तिंबत होत्या. २०२१ मध्ये मी बारावा ओढला होता, तो अर्ध्यात विझला होता आणि माझं नोंद करायचं राहून गेलं होतं. आता तेरावा. अंगठा मधोमध टेकवून बघितला, त्या बाईंनी टेकवला होता तसा. यावेळी काहीतरी लागलं. पेटवायच्या टोकापासून दोन बोटांवर, बाजरीच्या दाण्याएवढं कठीण.

पेटवला. पहिली दहा मिनिटं मामांच्या नोंदींप्रमाणेच. मग जळत जळत आग त्या गाठीपर्यंत आली, तिच्याही पुढे गेली, आणि धूर मोकळा झाला. मला अपेक्षा नव्हती अशी चव: भाजलेली चिंच, जुनं लाकूड, शेवटी मधासारखं काहीतरी. झोंबणं नावालाही नाही. मामींनी मान वर करून विचारलं, "आता बरा हाय व्हय?" मी म्हटलं, "चांगला आहे, मामी."

"मग लिव्ह की तिथं. न्हाईतर राहून जातंय."

शिसपेन्सील मामांचीच होती, पेटीतच ठेवलेली. मी आधी बाराव्याची नोंद केली, 'विझला'. मग तेराव्याची:

'१७-३-२४. गाठीपर्यंत बंद. पुढे मोकळा.'

अजून बारा आहेत.